अटलांटातील ७१५ क्रमांकाची भिंत

२०१९ च्या एप्रिल महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेतील अटलांटा शहरी दोन आठवडे राहून आलो. आमची धाकटी बहीण आणि मेहुणे नोकरीनिमित्त तिकडे असतात. विमानाची तिकिटे त्यांनीच पाठविली. कारकुनाच्या पगारात असला प्रवास बसत नाही, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. नागपूरला परत आल्यावर वस्तीतल्या मंडळींनी पहिला प्रश्न केला, "काय काय पाहिले?" आम्ही सांगितले, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मघर पाहिले, त्यांचे चर्च पाहिले, त्यांची समाधी पाहिली. आणि मोटारी उभ्या करण्याची एक रिकामी जागा पाहिली. शेवटच्या वाक्यावर सगळे हसले. त्या रिकाम्या जागेविषयीच आज लिहायचे आहे.

आधी किंगसाहेबांचे घर. ऑबर्न अव्हेन्यूवर ५०१ क्रमांकाचे दुमजली लाकडी घर. थोड्याच अंतरावर एबेनेझर बॅप्टिस्ट चर्च. याच चर्चमध्ये ४ जुलै १९६५ रोजी दिलेल्या प्रवचनात किंग यांनी आपल्या १९५९ च्या भारत दौऱ्यातील एक प्रसंग सांगितला होता. केरळमधील एका शाळेत ते गेले. विद्यार्थी बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींतील. मुख्याध्यापकांनी ओळख करून देताना सांगितले की, हे अमेरिकेतील आपल्यासारखेच एक अस्पृश्य. किंग यांना प्रथम धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांनी आपल्या देशातील दोन कोटी कृष्णवर्णीयांची स्थिती मनापुढे आणली आणि स्वतःशी कबूल केले की, होय, मी अस्पृश्यच आहे. आम्ही त्या चर्चच्या लाकडी बाकावर बसलो तेव्हा सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "म्हणजे ओळखीच्याच गावी आलो म्हणायचे."

आमचा भाचा दहा वर्षांचा. जन्म तिकडचा, मराठी समजते, बोलताना इंग्रजी शब्द घुसतात. तो म्हणाला, "मामाजी, तुमचे पाहून झाले. आता माझे पाहायचे." त्याचे म्हणजे बेसबॉल. शाळेच्या संघात खेळतो. शनिवारी, १३ एप्रिलला, त्याने आम्हा सर्वांना आगगाडीने जॉर्जिया स्टेट स्टेशनवर उतरविले आणि चालवत नेले. उजव्या हाताला राज्याच्या विधानभवनाचा सोनेरी घुमट. त्याच राज्यातील खाणींचे सोने वापरून तो मढविला आहे. पुढे महामार्गावरचा पूल. खाली मोटारींचा अखंड पूर. पूल ओलांडला की रस्त्याचे नाव येते हँक ॲरन ड्राइव्ह. रस्त्याकडेला ऑलिम्पिकसाठी बांधलेले आणि नंतर बेसबॉलसाठी वापरलेले स्टेडियम आहे. त्याचा पत्ताच ७५५, हँक ॲरन ड्राइव्ह. घर क्रमांक ७५५ कसा आला, ते पुढे सांगतो.

समोर डांबराचे विस्तीर्ण पटांगण, पांढऱ्या पट्ट्या आखलेले, त्या दिवशी जवळपास रिकामे. येथे १९६५ साली बांधलेले अटलांटा-फुल्टन कौंटी स्टेडियम होते. ते २ ऑगस्ट १९९७ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आले. त्याच्याही आधी येथे लोक राहत होते. महामार्ग आणि स्टेडियम आणण्यासाठी या भागातली जुनी वस्ती उठविण्यात आली, आणि उठविले गेले त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने होती. झोपडपट्टी निर्मूलन हा शब्द आपल्या वाचकांना परका नाही. वस्ती गेली, स्टेडियम आले. स्टेडियम गेले, मोटारी आल्या. मात्र एका कोपऱ्यात भिंतीचा छोटा तुकडा राखून ठेवलेला होता आणि त्यावर आकडा होता ७१५.

"इथे चेंडू पडला," भाचा म्हणाला.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याने आम्हाला शिकविले तेवढे सांगतो. मैदानाचा मधला भाग एका कोनावर उभा केलेला चौकोन असतो. चार कोपऱ्यांपैकी तीन ठिकाणी बेस, म्हणजे जमिनीवर पक्क्या केलेल्या गाद्या, आणि चौथ्या ठिकाणी पाच कोनांची फरशी, तिला होम प्लेट म्हणतात. फलंदाज होम प्लेटजवळ गोल दांडक्यासारखी बॅट घेऊन उभा राहतो. टप्पा न पाडता थेट चेंडू येतो. चेंडू आखलेल्या हद्दीतून समोरच्या कुंपणापलीकडे गेला की होम रन. आम्ही म्हणालो, "म्हणजे आपला षटकार." तो म्हणाला, "नाही मामाजी. सिक्सर मारला की बॅट्समन उभा राहतो. इथे पळावे लागते." चेंडू प्रेक्षकांत गेला तरी फलंदाजाने पहिला, दुसरा, तिसरा अशा प्रत्येक बेसला पाय लावून पुन्हा होम प्लेटवर यायचे. प्रत्येक दोन ठिकाणांमध्ये ९० फूट, एकूण ३६० फूट. एखादा बेस शिवायचा राहिला आणि समोरच्या संघाने दाद मागितली, तर फटका कितीही लांब गेलेला असो, तो बाद.

शिवणे हा शब्द मुद्दाम वापरला. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४६ पर्यंत व्यावसायिक गोऱ्या संघांत कृष्णवर्णीयाला प्रवेश नव्हता. कोठे लेखी नियम नव्हता. मालकांनी आपापसांत पाळलेली रीत होती. लेखी नसलेली रीत किती घट्ट असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कृष्णवर्णीयांनी आपल्या वेगळ्या संघटना काढल्या, त्यांना निग्रो लीग म्हणत. जोश गिब्सन नावाचा जबरदस्त फटके मारणारा खेळाडू त्यांतच खेळला. जानेवारी १९४७ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. आणि तीनच महिन्यांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघातून मैदानात उतरला आणि ती रीत मोडली. गिब्सनचे दुर्दैव असे की दार उघडायला तीन महिने उरले होते.

जॅकीचा एक होम रन मात्र याच्याही आधीचा, आणि आमच्या मते त्याला या खेळाच्या इतिहासात वरची जागा आहे. १८ एप्रिल १९४६. मुख्य संघात घेण्यापूर्वी त्याला माँट्रियलच्या दुय्यम संघात ठेवले होते. जर्सी सिटीत पहिला सामना. दोन सहकारी बेसवर असताना त्याने चेंडू कुंपणापार केला आणि फेरी पूर्ण करून होम प्लेटकडे आला. रीत अशी की पुढचा फलंदाज तेथे उभा राहून हात मिळवतो. पुढचा फलंदाज होता जॉर्ज शुबा, गोरा. स्टेडियममध्ये हजारो डोळे. शुबाने हात पुढे केला आणि जॅकीने तो धरला. त्या क्षणाचे छायाचित्र आजही छापले जाते. दोन माणसांचे हात, दुसरे काही नाही त्यात. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला त्यांच्या नातवंडांना त्या चित्राचा अर्थ लगेच लागतो.

आता हँक ॲरन. जन्म ५ फेब्रुवारी १९३४, अलाबामा राज्यातील मोबील गावी. वडील गोदीत मजूर, आठ मुले. चेंडू विकत घेण्याची ऐपत नाही, म्हणून मुले बाटल्यांची बुचे काठीने टोलवीत. १९४८ मध्ये जॅकी रॉबिन्सन मोबीलला आला, तेव्हा चौदा वर्षांचा हँक त्याचे भाषण ऐकायला गेला. १९५२ साली, अठराव्या वर्षी, खिशात दोन डॉलर घेऊन तो घराबाहेर पडला आणि निग्रो लीगच्या इंडियानापोलिस क्लाऊन्स संघात गेला.

त्याच वर्षी राजधानी वॉशिंग्टनमध्ये पावसामुळे सामना थांबला होता. संघातील मंडळी स्टेडियमजवळच्या उपाहारगृहात न्याहारीला बसली. वाढले, पैसे घेतले. यांनी खाल्ले. आणि उठताना आतल्या स्वयंपाकघरातून आवाज येऊ लागला, ताटल्या फोडण्याचा. ज्या ताटल्यांत हे जेवले त्या ताटल्या नोकर एकेक करून फोडीत होते. ॲरन यांनी तो आवाज आयुष्यभर लक्षात ठेवला. आमच्या आजोबांना हॉटेलबाहेर वेगळा कप ठेवलेला असे, तो त्यांनीच विसळून पुन्हा खुंटीला अडकवायचा. आपल्याकडे भांडे वेगळे ठेवीत, तेथे भांडे फोडीत. तो देश श्रीमंत, एवढाच फरक.

येथे एक योगायोग नोंदविल्यावाचून राहवत नाही. ५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आपल्या बाबासाहेबांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. आणि त्याच जून महिन्यात ब्रेव्हज संघाने हँक ॲरनला करारबद्ध केले. एकाच देशात एकाच वर्षी एकीकडे तो सत्कार आणि दुसरीकडे त्या फुटलेल्या ताटल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या.

१९५३ मध्ये त्याला फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे खेळायला पाठविले. दक्षिणेच्या त्या लीगमध्ये प्रथमच पाच कृष्णवर्णीय खेळाडू आले होते, त्यांतला हा एक. गोरे सहकारी हॉटेलात उतरत. हा एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरी. ते खानावळीत जेवत. हा बसमध्ये बसून डबा उघडी. प्रेक्षकांतून शिव्या. वर्ष संपले तेव्हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती याचीच.

मुख्य संघात जागा मिळाली तीही दुसऱ्या एका प्रसिद्ध होम रनच्या आडवाटेने. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्क जायंट्सच्या बॉबी थॉमसनने डॉजर्सविरुद्ध शेवटच्या डावात, संघ हरत असताना, होम रन मारून स्पर्धा जिंकून दिली. अमेरिकेत तो फटका दंतकथा होऊन बसला आहे. हाच थॉमसन पुढे मिल्वॉकी ब्रेव्हज संघात आला आणि १९५४ च्या सरावात त्याचा घोटा मोडला. त्याच्या रिकाम्या जागी वीस वर्षांच्या ॲरनला उभे करण्यात आले. पहिला सामना १३ एप्रिल १९५४. आम्ही भिंतीपाशी उभे होतो त्या दिवसापासून बरोबर पासष्ट वर्षे. हे भाच्याच्याही लक्षात आले नव्हते. आम्ही कारकून माणसे, तारखा आमच्या लक्षात येतात. पहिला होम रन २३ एप्रिलला, सेंट लुईस येथे.

२३ सप्टेंबर १९५७ चा त्याचा होम रन सांगितलाच पाहिजे. अकराव्या डावात मारलेल्या त्या फटक्याने मिल्वॉकीने आपली लीग जिंकली. गोऱ्या सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेले. त्याच दिवशी अर्कान्सा राज्यातील लिटल रॉक गावी नऊ कृष्णवर्णीय मुले गोऱ्यांच्या शाळेत शिकायला गेली होती आणि शाळेभोवती गोऱ्यांचा जमाव दंगल करीत होता. तेवीस वर्षांच्या एकाला खांद्यावर घ्यायला देश तयार होता. पंधरा-सोळा वर्षांच्या नऊ जणांना बाकावर बसू द्यायला नव्हता.

१९६६ मध्ये ब्रेव्हज संघ मिल्वॉकीहून अटलांटास हलला, म्हणजे आम्ही उभे होतो त्याच जागी. ॲरन वर्षानुवर्षे मुकाट्याने फटके मारीत राहिले. आणि १९७३ चा हंगाम संपला तेव्हा त्यांचे ७१३ होम रन झाले होते. बेब रूथ या गोऱ्या खेळाडूचा विक्रम होता ७१४. रूथ १९३५ मध्ये निवृत्त झाला, १९४८ मध्ये वारला, आणि अमेरिकेत त्याला देवासारखे मानीत. दोन फटके बाकी आणि मध्ये अख्खा हिवाळा.

त्या १९७३ वर्षात ॲरन यांना नऊ लाखांहून अधिक पत्रे आली. टपाल खात्याने त्याबद्दल स्मृतिफलकही दिला. पत्रांतील बरीचशी प्रेमाची होती, विशेषतः छळाची बातमी फुटल्यावर लोकांनी पाठिंब्याचा वर्षाव केला. पण छळाची पत्रे थोडीथोडकी नव्हती. शिव्या, आणि गोळी घालू अशा धमक्या. कोणत्या शहरात, कोणत्या सामन्यात मारू, तेही लिहिलेले. मोठी मुलगी नॅशव्हिलला विद्यापीठात शिकत होती, तिला पळवून नेण्याची धमकी आली, तेव्हा केंद्रीय तपास यंत्रणेची माणसे तिच्या पाळतीवर ठेवावी लागली. ॲरन हॉटेलात दुसऱ्याच नावाने खोली घेत, मागच्या दाराने ये-जा करीत. एक पोलीस कायम सोबत. अटलांटातील एका वर्तमानपत्राच्या क्रीडा संपादकाने तर त्यांचा मृत्युलेख लिहून तयार ठेवविला होता. चाळिशीचा माणूस. गुन्हा काय, तर आपले काम दुसऱ्या कोणाहूनही चांगले करीत होता आणि कातडी काळी होती.

भाचा भिंतीला हात लावून हे सगळे इंग्रजी-मराठीत सांगत होता. मध्येच थांबून म्हणाला, "मामाजी, ती घाण पत्रे त्यांनी जपून ठेवली. फाडली का नाहीत?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुझ्या मामाजींनीपण एक ठेवले आहे."

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. आम्हाला बढती मिळून वरिष्ठ लिपिकाचे टेबल मिळाले. कोणत्या कार्यालयात, ते महत्त्वाचे नाही. पहिल्या सोमवारी खण उघडला तर आत चौघडी केलेला कागद. सही नाही. जागा तर मिळविलीस, आता डोके कोठून आणशील, अशा आशयाच्या चार ओळी आणि शेवटी जातीवरून एक शिवी. अक्षर वळणदार होते. त्या अक्षरातली टिपणे आम्ही रोज वाचीत होतो, त्यामुळे लिहिणारा कोण ते कळले. त्याच्याच सोबत दुपारचा चहाही घेत होतो. तक्रार केली नाही. घरी आणून दाखविला तर सौभाग्यवती म्हणाल्या, फाडा आणि चुलीत टाका. आम्ही तो बी.कॉम.च्या पदवीपत्रामागे ठेवून दिला. का, ते आजवर नीट सांगता आले नव्हते. बहिणीला यातले काही ठाऊक नव्हते. ती एवढेच म्हणाली, "भाऊ, मला कधी बोलला नाहीस."

ॲरन यांनी २०१४ साली एका मुलाखतीत या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. आपण अजून फार लांब आलेलो नाही याचे स्मरण राहावे म्हणून ती पत्रे ठेवली, असा त्याचा आशय. आम्हाला ते पटले. एक कारण आमच्यापुरते असेही असेल की, उद्या कोणी म्हणाले असे काही घडतच नव्हते, तर दाखवायला कागद हवा. कारकुनाची सवय.

१९७४ चा हंगाम ४ एप्रिल रोजी सिनसिनाटी येथे सुरू झाला. किंग यांची हत्या झाली ती ४ एप्रिल १९६८ ची, म्हणजे सहावा स्मृतिदिन. ॲरन यांनी सामन्यापूर्वी एक क्षण स्तब्धता पाळावी अशी विनंती केली. यजमान संघाने नाकारली. मग ते बॅट घेऊन उभे राहिले आणि हंगामातल्या आपल्या पहिल्याच फटक्याने चेंडू कुंपणापार केला. ७१४. रूथची बरोबरी. नकाराला याहून नेमके उत्तर आम्हाला माहीत नाही.

चार दिवसांनी, सोमवार ८ एप्रिल, अटलांटा. थंडी आणि पावसाची झिमझिम. ५३,७७५ प्रेक्षक. जॉर्जियाचे राज्यपाल जिमी कार्टर हजर, जे पुढे अध्यक्ष झाले. मात्र बेसबॉलचे सर्वोच्च अधिकारी, आयुक्त, त्या रात्री क्लीव्हलंडला दुसऱ्या कार्यक्रमात होते. ती अनुपस्थिती ॲरन यांना लागली. समोर डॉजर्सचा गोलंदाज अल डाऊनिंग, तोही कृष्णवर्णीय, आणि त्याच्याही पाठीवर ॲरन यांचाच क्रमांक ४४. पहिल्या खेपेस ॲरन यांनी बॅट फिरविलीच नाही. चौथ्या डावात, रात्री ९ वाजून ७ मिनिटांनी, त्या रात्रीचा पहिला फटका मारला. डॉजर्सचा क्षेत्ररक्षक बिल बकनर कुंपणावर चढला, पण चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि पलीकडे ब्रेव्हजचाच टॉम हाऊस उभा होता, त्याच्या हातात पडला.

मग ती ३६० फुटांची फेरी. पहिल्या बेसनंतर प्रतिपक्षाच्या दोन खेळाडूंनी हात पुढे करून अभिनंदन केले. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या दरम्यान अचानक दोन गोरी पोरे, सतराच्या आसपासची, प्रेक्षकांतून उडी मारून त्यांच्या मागे धावत आली. महिनोन्महिने गोळीच्या धमक्या ऐकलेल्या माणसाच्या मागून दोन अनोळखी गोरे धावत येत आहेत. अंगरक्षक पोलीस प्रेक्षकांत बसला होता, दुर्बिणीच्या पिशवीत पिस्तूल. डोळ्याचे पाते लवते एवढ्या वेळात त्याला ठरवायचे होते. त्याने पिस्तूल काढले नाही. पोरांनी ॲरन यांच्या पाठीवर थोपटले आणि बाजूला झाली. होम प्लेटवर गर्दी जमली आणि तिच्यातून वाट काढीत आई एस्टेला आली. तिने मुलाला असे कवटाळले की सोडीना. आतषबाजीचे बार उडत होते, तिला ते गोळ्यांचे वाटले, आणि गोळी आलीच तर आधी आपल्याला लागावी म्हणून तिने त्याला झाकले, असे सांगतात.

रेडिओवर समालोचन करणारे विन स्कली काही वेळ काहीच बोलले नाहीत, नुसता लोकांचा गजर ऐकू दिला. मग म्हणाले ते अशा अर्थाचे की, दक्षिणेतल्या एका शहरात एका काळ्या माणसाला लोक उभे राहून मानवंदना देत आहेत. आणि ॲरन? ध्वनिक्षेपकासमोर त्यांनी देवाचे आभार मानले, एकदाचे संपले म्हणून. आनंद झाला असे म्हणाले नाहीत. आम्हाला या साऱ्या कथेत हेच सर्वांत जास्त बोचते. विक्रम कोणी हिरावू शकले नाही, पण त्याचा आनंद हिरावून घेतला.

बरोबर एक वर्षाने, ८ एप्रिल १९७५ रोजी, क्लीव्हलंडमध्ये फ्रँक रॉबिन्सन हा पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक म्हणून संघ घेऊन उतरला. तो खेळतही होता, आणि पहिल्याच खेपेस त्याने होम रन मारला. जॅकीची पत्नी रेचेल त्या दिवशी मैदानात उपस्थित होती. जॅकी नव्हता. ऑक्टोबर १९७२ मध्ये भर मैदानात, एखादा कृष्णवर्णीय व्यवस्थापक झालेला पाहायचा आहे, असे त्याने सांगितले आणि नऊ दिवसांनी तो वारला. खेळायला परवानगी आणि खुर्चीवर बसायला परवानगी या दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली. पुढे ॲरन स्वतः ब्रेव्हजच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत बसले आणि तेथूनही हाच प्रश्न विचारीत राहिले.

त्यांचा शेवटचा होम रन २० जुलै १९७६ रोजी मिल्वॉकीत, एकूण ७५५. पत्त्यातला क्रमांक तो हा. २००७ मध्ये बॅरी बाँड्सने तो आकडा ओलांडला. त्याच्याभोवती उत्तेजक औषधांचा वाद आहे. ॲरन यांनी पडद्यावरून अभिनंदनाचा संदेश पाठविला. ज्याला विक्रम मोडताना मरणाच्या धमक्या आल्या, त्याने आपला विक्रम मोडणाऱ्याला शुभेच्छा दिल्या. त्यांनी आणि पत्नी बिली यांनी संस्था काढून गरीब मुलांना शिक्षणासाठी मदत केली, तेही आमच्यासारख्यांनी लक्षात घेण्यासारखे.

आम्ही भिंतीपाशी होतो त्या दिवशी ते त्याच शहरात हयात होते, वय ८५. २२ जानेवारी २०२१ रोजी ते गेले. अटलांटातील साऊथ-व्ह्यू स्मशानभूमीत त्यांना पुरले. ती भूमी १८८६ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी स्थापन केली. किंग यांचे आईवडील तेथेच आहेत. बहिणीने फोनवर ही बातमी सांगितली तेव्हा भाचा मागे रडत होता. पटांगणाच्या जागी विद्यापीठाने आपले बेसबॉल मैदान करायचे आणि तो भिंतीचा तुकडा जपायचा, असेही पुढे जाहीर झाले.

त्या शनिवारी मात्र तेथे डांबरच होते. दुसऱ्या दिवशी १४ एप्रिल, घरात जयंतीची तयारी करायची होती, खीर, फुले, तसबिरीला हार. आणि १५ एप्रिलला टीव्हीवर जॅकीच्या स्मरणार्थ साऱ्या खेळाडूंच्या पाठीवर त्याचा एकच क्रमांक ४२ पाहायचा होता. म्हणून बहीण निघायची घाई करीत होती. भाचा ऐकेना. त्याने आम्हाला चौकोन आखायला लावला. पहिल्या बेसला पाण्याची बाटली, दुसऱ्याला मेहुण्यांची टोपी, तिसऱ्याला आमची चप्पल. होम प्लेटला काही सापडेना तेव्हा सौभाग्यवतींनी आपली पर्स ठेवली. चेंडू नव्हता, बॅट नव्हती. त्याने हवेत हात फिरविला, भिंतीच्या दिशेने पाहिले आणि पळत सुटला. बाटलीला पाय लावला, टोपीला लावला, चपलेला लावला. मेहुणे टाळ्या पिटत होते. पर्सजवळ आल्यावर तो थबकला. तिच्यावर पाय कसा द्यायचा, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसला. मामी म्हणाली, "दे रे, काही होत नाही." पण तो वाकला आणि पर्सला हात लावला.